पेरावरचा रिषभ

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. फार मोठी नको, तुमच्या वर्गाच्या निम्मी. खाली शहाबादी फरशी. एकच खिडकी, आणि तिच्यातून नदीवरचा वारा. कोपऱ्यात गवसणी घातलेले दोन तंबोरे भिंतीला टेकून उभे आहेत, लग्नघरी लवकर येऊन बसलेल्या दोन उंच म्हाताऱ्यांसारखे. समोर टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. आता सगळ्या भिंतींवर वाकळा टांगा. होय, वाकळाच. जुन्या लुगड्यांच्या, हाती शिवलेल्या, जाडजूड. खिळ्यांना, दोरीला, कपाटाच्या दाराला, जिथे जमेल तिथे.

दिसली खोली? त्या खोलीत टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. ते माझे.

"सर, हिरवं भोक मागच्या बाजूला हाय," आफरीन वरून सांगत होती. "पुढच्यात घालू नका. पुढच्यात घातलं की गुणगुणतंय."

"मागचंच शोधतोय गं."

"सर," बाईंचा आवाज आला, "खाली नाग बसलाय काय? किती वेळ तो!"

"आलो बाई, एवढी वायर लागली की आलो," मी टेबलाखालून म्हणालो.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

आफरीन त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "वायर लागली की येतो म्हणतायत!"

"मग लागू दे. पोरगी सांगते त्या भोकात घाला. तिच्या घराण्यात तीच विद्या आहे."

ही खोली गडहिंग्लजला, गिरिजाबाई हत्तरकींची. गावात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाई म्हटलं की दुसरी कोणी नव्हती. त्या गाणं शिकवत. मी त्यांचा शेजारी, हायस्कुलातून निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर. मला गाण्यातलं कळायचं ते एवढंच, की बाईंच्या खिडकीतून आवाज आला की माझ्या हातातला चहा गार होतो.

आफरीन मुजावर तेव्हा पाचवीत होती. बाईंची शेवटची शिष्या. तिचे वडील, दस्तगीर, मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देत. चालायला लागायच्या आधीच पोरीला प्लग ओळखता येत होते, असं ते सांगायचे. आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी बघतो' असंच म्हणतात. तीही तशीच बोलायची.

एवढी खटपट कशासाठी चालली होती, ते सांगतो. त्यासाठी आधी तुमचा डावा हात पुढे करा. खरंच करा, कारण हे पुढे लागणार आहे.

बाई नव्या मुलांना पेटी देत नसत. त्या सूर हातावर ठेवून शिकवत. तर्जनीच्या मुळाशी जी रेघ आहे, तो सा. तिच्या वरची रेघ रे, त्याच्या वरची ग. मग मधल्या बोटावर खालून वर म, प आणि ध. अनामिकेवर नी आणि वरचा सा. अंगठा त्या त्या पेरावर ठेवायचा आणि तो सूर म्हणायचा. कोमल सूर असेल तर अंगठा रेघेच्या जरा खाली, मांसावर. "पेटी सूर देते," बाई म्हणत, "पण तो कुठं राहतो ते सांगत नाही. घर ठाऊक पाहिजे."

आता तर्जनीवरचा रे, म्हणजे रिषभ, बघा. रेघेच्या जरा खाली कोमल रिषभ. त्याच्याही केसभर खाली, जिथे अंगठा ठेवला की वाटतं आता घसरून सा-वर जाईल पण जात नाही, तिथे श्री रागाचा रिषभ राहतो. हा राग दिवस बुडायच्या वेळेला गातात. सगळा राग त्या एका रिषभावर उभा असतो, असं बाई म्हणायच्या. मी ऐकून सांगतो आहे.

बाईंची मोठी शिष्या हेमलता बुदिहाळ. गल्लीतच वाढली, बाईंच्या हाताखालीच गायिका झाली, लग्न होऊन भोपाळला गेली. तिला बाईंनी सगळं दिलं. श्री मात्र चारचौघांत गाऊ दिला नव्हता. एकदा रियाजात तिच्या हातातला तंबोरा काढून घेतला होता आणि म्हणाल्या होत्या, "हा रिषभ अजून तुझा नाही झाला. माझ्या कानात बसेल तेव्हा गा." हेमलतेने तो शब्द पाळला. पुढे नाव झालं, केस पिकायला लागले, तरी कुठल्याही मैफलीत तिने श्री काढला नाही.

त्या वर्षी भोपाळच्या एका संमेलनात तिला सूर्यास्ताची वेळ मिळाली. गाणं कॉम्प्युटरवर घरबसल्या ऐकता येणार होतं. माहेरी आली होती तेव्हा हेमलतेने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "गा. मी इथून ऐकते. बसला की नाही बसला, ते सांगेन. नाही बसला तर मात्र पुन्हा काढायचा नाही."

"नाही काढणार बाई," हेमलता म्हणाली.

आणि तिने बाईंसाठी एक कॉम्प्युटर पाठवून दिला. तो लावायला बाईंनी मला बोलावलं आणि वायरी धरायला आफरीनला.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. व्हिडिओ कॉल लावला, पडद्यावर हेमलता दिसली. मांडीवर तंबोरा, बोटं तारांवरून फिरतायत, ती गातेय. आवाज ठीक येत होता. बाई पुढे वाकून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तंबोरा कुठाय?"

"हा काय बाई, हातात," तिकडून हेमलता म्हणाली.

"दिसतोय. ऐकू येत नाही."

खरंच येत नव्हता. मलाही नाही, आफरीनलाही नाही. हेमलतेची बोटं तारांवरून जात होती आणि आवाज शून्य. मुक्या माणसाचे ओठ हलावेत तसं दिसत होतं. मी आवाज वाढवला, तर हेमलता ओरडायला लागल्यासारखी झाली. तंबोरा नाहीच.

दोन दिवस मी त्यावर डोकं खाजवलं. मग आफरीनला विचारलं, "तुझ्या घरात सारखा चालणारा आवाज कुठला?"

"फ्रीज."

"तो तुला ऐकू येतो?"

तिने विचार केला. "बंद पडला की येतो."

"बरोबर. जो आवाज बदलत नाही, तो मन बाजूला सारतं. कॉम्प्युटर तर त्याच्याही पुढचा. माणसं बोलताना मागे पंखा चालू असला तर बोलणं नीट कळावं म्हणून तो पंख्याचा आवाज पुसून टाकतो. सारखा, एकसुरी, न थांबणारा आवाज म्हणजे कचरा, असं त्याला शिकवलंय. आता सांग, हेमाताईंच्या खोलीत सारखा, न थांबणारा आवाज कुठला?"

आफरीनने तोंडावर हात ठेवला. "तंबोरा!"

हे आम्ही बाईंना समजावलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग हसू थांबलं. "ज्याच्यावर सगळं उभं, तोच कचरा? कोणी बनवलंय हे?"

"ज्यांना बोलायचंय त्यांनी, बाई. गाणाऱ्यांनी नाही."

हेमलतेकडे ते पुसणं बंद करायची सोय होती. तिने ती बंद केली आणि पुन्हा तंबोरा छेडला. मुलांनो, त्या क्षणी खोलीत जे आलं ते सांगणं कठीण आहे. आधी नुसती हेमलता दिसत होती. आता तिच्यामागे तिचं घर आलं. आफरीन टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

बाईंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आफरीनच्या, मग पडद्याकडे. बराच वेळ पडद्याकडे.

"येतोय," त्या म्हणाल्या. "पण लांब आहे. पातळ आहे."

तिथून आमची खटपट सुरू झाली. कॉम्प्युटरबरोबर आलेले स्पीकर खेळण्यासारखे होते, ते काढले. दस्तगीर म्हणाला, "सर, माझे दोन मोठे लावतो की! गल्ली हालंल."

"गल्ली कशाला हलवतोस? माझा एक कान हलला तरी बास," बाई म्हणाल्या.

शेवटी त्याने लाकडी खोक्यांतले जुने चांगले स्पीकर आणून दिले. ते आम्ही ट्रंकेवर ठेवले, तर ट्रंक खडखडायची. मग विटांवर ठेवले, बाईंच्या कानाच्या उंचीवर. मी विचारलं, "आता?" बाई म्हणाल्या, "जवळ आला. पण अजून लांब."

कॉम्प्युटरच्या पोटात आवाज 'सुधारणाऱ्या' काही सोयी असतात. त्यांतली एक हळू आवाज मोठा करते आणि मोठा हळू करते, म्हणजे सगळं एका पातळीवर येतं. बाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग गाणाऱ्यानं दम कशाला कमवायचा?" ती सोय बंद केली. इंटरनेट हवेतून येत होतं, ते वायरीने आणलं, म्हणजे मध्येच गळणार नाही. उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येत होता, म्हणून वाकळा टांगल्या. गल्लीतल्या बायका आपापल्या घरची वाकळ घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "बाई, गाण्याला थंडी वाजते काय?"

"म्हातारं झालंय गाणं," बाई म्हणायच्या. "पांघरूण लागतं."

दरवेळी आम्ही काहीतरी नवं करायचो, बाईंना खुर्चीत बसवायचो, एखादी मैफल लावायचो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो. आणि दरवेळी बाई म्हणायच्या, "अजून लांब आहे, सर."

त्या दिवसांतल्या एकदोन गोष्टी सांगून ठेवतो. बाई बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मला वाटे, किती लक्ष देऊन ऐकतात. खिडकीकडे तोंड करून बसल्या असल्या की हाका मारल्या तरी उत्तर देत नसत. मला वाटे, सुरात आहेत. आणि एकदा आफरीन पायरीवर फुगून बसलेली दिसली.

"काय झालं गं?"

"मी काय चुकलो सर? बाईंनी मला परत पेरांवर बसवलंय. बारक्या पोरांसारखं. मी म्हणतो, आणि त्या माझ्या तोंडाकडं बघतच नाहीत, नुसता माझा अंगठा बघतात."

"पाया पक्का करून घेत असतील."

"पक्का हाय माझा पाया," ती म्हणाली आणि निघून गेली.

मैफलीचा दिवस उजाडला. बाईंनी हिरवं इरकल नेसलं होतं. आफरीनला तंबोऱ्यांच्या गवसण्या काढायला लावल्या. "त्यांनाही ऐकू दे," म्हणाल्या. खुर्ची स्वतः सरकवून पडद्याच्या इतक्या जवळ नेली, की आफरीन म्हणाली, "बाई, हेमाताईंच्या मांडीवर बसताय काय?"

"गप. ती माझ्या मांडीवर बसून शिकली."

खिडकीबाहेर ऊन कलतं होतं. पडद्यावर निवेदक बोलून गेला. हेमलता येऊन बसली, तिच्यामागे दोन मुली तंबोरे घेऊन बसल्या. तिने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. ते कोणाला होते हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. तंबोरे जुळायला लागले.

मला आवाजाच्या तळाशी बारीक चिरचिर ऐकू आली. आफरीनलाही आली. तिने नाक मुरडलं. वायरीचं टोक सैल असणार. अजून गाणं सुरू व्हायचं होतं. मी पटकन टेबलामागे वाकलो आणि स्पीकरची वायर उपसून हातात घेतली. टोक पुसून पुन्हा बसवावं, एवढंच काम.

खोली एकदम शांत झाली. वाकळांमुळे तिथली शांतता नेहमीपेक्षा जाड असायची. पडद्यावर तंबोऱ्यांच्या तारांवरून बोटं फिरत होती.

त्या शांततेत बाईंनी हात वर केला. डोळे पडद्यावर, चेहरा उजळलेला.

"हां! आला. सर, आता आला बघा तंबोरा. भरून आला. आता कशाला हात लावू नका."

वायर माझ्या हातात होती. आफरीनने माझ्या हाताकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिचा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. गणित सोडवता सोडवता उत्तर आवडलं नाही, तर मुलाचा चेहरा होतो तसा.

बाईंनी आमच्याकडे मान वळवली. आमच्या तोंडांवर त्यांना जे पाहायला हवं होतं ते नव्हतं. मग त्यांची नजर खाली गेली, वायरीवर.

बाईंनी वर केलेला हात सावकाश मांडीवर ठेवला.

"ती कशाची वायर?"

"स्पीकरची," मी म्हणालो.

"मग आवाज बंदच आहे."

मी मान हलवली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं हो," बाई म्हणाल्या. "किती दिवस राबताय दोघं. आज तरी आला म्हणावं."

"बाई, केव्हापासून..."

"आधी तंबोरा गेला. मला वाटलं, मशीन खातंय. तुम्हीच तसं सांगितलंत, आणि मी म्हटलं, देवा, मशीनच असू दे. मग ते सुधारलं आणि ही पोर नाचायला लागली. ही कशाला नाचतेय, तेच मला कळेना." त्या पदराशी चाळा करत होत्या. "तरी म्हटलं, सरांनी अजून काही केलं तर येईल. वायर बदलली तर येईल. वाकळ टांगली तर येईल."

"डॉक्टरांना दाखवू. कानाचं यंत्र..."

"आहे. कोल्हापूरहून आणलं, कपाटात पडलंय. त्यात बोलणं येतं, सूर फुटतो. काचेसारखा." मग म्हणाल्या, "शब्द अंदाजानं लागतात, सर. तुमच्या तोंडाकडं बघून लावते मी. सुराला अंदाज चालत नाही."

पडद्यावर हेमलतेने डोळे मिटले होते.

"ती आता फोन करणार," बाई म्हणाल्या. "काय सांगू? ऐकला म्हटलं तर खोटं. शिष्येच्या सुराबद्दल खोटं मी आजवर बोलले नाही. ऐकला नाही म्हटलं तर ती श्री सोडून देईल. मला शब्द देऊन बसलीय वेडी. आणि मी तर आता कधीच ऐकणार नाही."

मी वायर पुसली आणि जागेवर बसवली. दुसरं करण्यासारखं काही हातात नव्हतं.

आवाज आला. चिरचिर गेली होती. दोन्ही तंबोरे खोलीत असे उभे राहिले, की कोपऱ्यातल्या गवसणी काढलेल्या तंबोऱ्यांच्या ताराही बारीक थरथरल्या. इतका स्वच्छ आवाज त्या खोलीत कधी झाला नव्हता. आमचं सगळं काम बरोबर झालं होतं.

हेमलतेने सा लावला. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

आफरीन उठली. बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन फरशीवर बसली आणि त्यांचा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. बाईंनी हात काढून घेतला नाही. लक्षही दिलं नाही. आफरीनने आपला अंगठा बाईंच्या तर्जनीच्या मुळाशी ठेवला. सा.

बाईंनी मान वळवली.

हेमलता नीवर उतरली. आफरीनचा अंगठा अनामिकेवर गेला. पुन्हा सा. अंगठा मुळाशी. मग हेमलता हळूच वर सरकली आणि रिषभावर थांबली. आफरीनचा अंगठा तर्जनीवर चढला आणि रेघेच्या खाली मांसावर टेकला.

बाई वाकल्या. "तिथं?"

आफरीनने मान हलवली. हो.

"खाली नाही? केसभर?"

आफरीनने कान दिला. हेमलता अजून त्याच सुरावर होती. पोरीच्या कपाळाला आठी पडली. अंगठा जरा खाली सरकवावा असं तिला किती वाटत होतं, ते मला दिसत होतं. तिने तो सरकवला नाही. मानेने नाही म्हणाली.

"वर आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम शिकवणीतला झाला. "घाबरलीय. पंचमावर जाऊन येऊ दे."

हेमलता रिषभावरून पंचमावर गेली. अंगठा मधल्या बोटावर. तिथे रेंगाळली. मग पंचमावरून लांब ओढत खाली यायला लागली. आफरीनचा अंगठा बाईंच्या तळव्यावरून सावकाश घसरत तर्जनीकडे आला, रिषभावर टेकला, आणि हेमलतेबरोबर आणखी केसभर खाली जाऊन थांबला. आता घसरेल असं वाटलं. घसरला नाही.

बाईंनी दुसऱ्या हाताने तो अंगठा तिथेच दाबून धरला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. दिवस बुडत होता.

आलाप चालू होता तोवर आफरीन पुरी पडली. कधी मागे राहायची, धावत गाठायची. मग तबला आला, लय वाढली, आणि हेमलतेने पहिली तान घेतली. आफरीनचा अंगठा दोन पेरं गेला आणि भरकटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा भरकटला. दुसरी तान पहिलीहून लांब होती. आफरीनने अंगठा उचलला आणि हवेत तसाच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "पुढचं तुला यायचं नाही."

"मला ऐकू येतंय बाई, पण बोटाला पोचत नाही!"

"तेच म्हणते." बाईंनी आपला हात परत घेतला, मूठ मिटली. "ऐकतेस ती तू. मी नाही. आणि ती विचारणार मला."

उरलेली मैफल आम्ही दोघांनीच ऐकली. बाई पडद्यावर हेमलतेचं तोंड उघडताना, मिटताना बघत होत्या. शेवटी लोक उभे राहिले, टाळ्यांचा आवाज वाकळांत शिरला. मी पुढे होऊन कॉम्प्युटर बंद केला.

टेबलावरचा फोन उजळला. बाईंना तो वाजलेला कळला नाही, उजळलेला दिसला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी हातात घेतला नाही. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजायला लागला.

आफरीनने उचलला.

"हेमाताई, मी आफरीन." तिकडून भराभर काहीतरी विचारलं गेलं. आफरीन बाईंकडे वळली, अगदी समोर उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसतील. आणि एकेक शब्द सुटा करत फोनमध्ये बोलली.

"पहिला रिषभ वर होता. पंचमावरून आलात तेव्हा बसला. बाईंनी धरून ठेवला."

बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या.

"पुढचं बाईंना ऐकू आलं नाही," आफरीन म्हणाली. "बाईंना आता ऐकू येत नाही, ताई. माझ्या बोटानं ऐकलं, तेवढंच."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. जे इतके दिवस त्यांनी झाकून ठेवलं ते पोरीने एका वाक्यात भोपाळपर्यंत पोचवलं. मी फोन घ्यायला हात पुढे केला.

आफरीनने तो दिला नाही. मानेने कानाशी दाबून धरला आणि फरशीवर बसली. बाईंची मिटलेली मूठ मांडीवर ओढून घेतली आणि एकेक बोट उघडलं.

"ताई, ती तान परत म्हणा," ती फोनमध्ये म्हणाली. "सावकाश. तंबोरा नको, फोन तो खातोय. नुसतं म्हणा."

आणि बाईंच्या तर्जनीच्या मुळाशी अंगठा ठेवून वाट बघत बसली.